स्टँडवर बसलेले मास्तर

माझी आत्या राज्य पातळीची रेफ्री झाली नाही. लोक मला विचारतात, कुठे कमी पडली? अहो, कमी कसली पडते, जास्तच झाली! ऐका.

दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि सुट्टीच्या दिवशी शाळांच्या बास्केटबॉल मॅचना शिट्टी वाजवायची. पट्ट्यांचा शर्ट स्वतः इस्त्री करणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. काका म्हणायचे, "हिच्याकडे दोनदा मीठ मागितलं तर फाउल देते." आत्या खळखळून हसायची, पण मीठ काही द्यायची नाही.

त्या वर्षी राज्याच्या पॅनेलवर जायची तिची पाळी होती, आणि वय बघता शेवटचीच. नाव पाठवणं स्पर्धेच्या सेक्रेटरींच्या हातात. मुलींच्या फायनलला ते पहिल्या रांगेत बसले होते, कारण यजमान शाळेकडून त्यांचीच मुलगी खेळत होती. मी स्कोअर लिहायला टेबलावर.

मॅच संपत आली होती. एक बॉल बोर्डावर आपटला आणि रिंगचा अख्खा स्टँड पुढे झुकून परत मागे आला. आत्याने शिट्टी वाजवून खेळ थांबवला. स्टँडच्या पायाशी वाळूने भरलेली पत्र्याची पेटी असते, तिच्याच वजनावर तो उभा राहतो. हिचा तळ गंजलेला, वाळू कधीच गळून गेलेली! शाळेने वरून झकास निळा रंग मारला होता.

सेक्रेटरींनी तोडगा काढला. दोन धिप्पाड मास्तर बोलावले आणि पेटीवर बसवले. "झालं! आता हत्ती आला तरी हलणार नाही."

यजमान शाळा एका पॉइंटने मागे होती आणि तिला बास्केट याच रिंगमध्ये करायची होती. त्यामुळे हॉलभर टाळ्या पडल्या. मास्तर कसे बसलेत ते बघायला सेक्रेटरी जवळ गेले, तर दोघेही सवयीने उठून उभे! "नमस्कार, सर!"

स्टँड पुन्हा डुलला. मी तर तोंडात रुमाल कोंबला.

आत्या नाही हसली. "खेळ इथेच थांबला. स्कोअर आहे तो, वेळ आहे ती. उरलेली मॅच दुसऱ्या कोर्टावर."

झालं, एकच बोंबाबोंब! सेक्रेटरी तिच्या कानाशी लागले, पण टेबलापर्यंत ऐकू येत होतं. "बाई, दोन-चार मिनिटांचा तर प्रश्न आहे. राज्याला जायचंय ना? मग पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"राज्य गेलं खड्ड्यात," आत्या म्हणाली.

मग त्यांनी दुसऱ्या रेफ्रीला फर्मावलं, "तुम्ही सुरू करा हो." त्या बिचाऱ्याने शिट्टी तोंडात धरली. तशी आत्या तरातरा गेली आणि बरोबर रिंगखाली जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. तिचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता.

"हलत नाही ना? मग या इकडे. पोरींना जिथे पळवताय तिथे आधी तुम्ही उभे राहा. तुम्हाला बघून मास्तर पुन्हा उठतीलच, आणि मी बोर्डावर बॉल मारीन. तुम्ही जागचे हलला नाहीत, तर मी स्वतः खेळ सुरू करते."

सेक्रेटरी तावातावाने निघाले. रिंगपुढच्या रंगवलेल्या पट्ट्याशी पोचले, वर बघितलं आणि थांबले.

"हा काय पोरखेळ आहे?" ते म्हणाले.

"बाबा, जा ना," त्यांची मुलगी म्हणाली. चेष्टा नव्हती हो, पोरगी खरंच वाट बघत होती. बॉल तिच्याच हातात होता.

त्यांनी घड्याळ चाचपलं, कॉलर नीट केली. पाय काही पुढे पडेना.

मुलीने बॉल आणून आत्याच्या हातात दिला. मग बापाकडे न बघता बेंचवर जाऊन बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.