हमीदचाचांच्या दुकानातली काळी काच

काल विंझर गावातल्या माझ्या घरी टीव्हीचं पार्सल आलं. खोकं उघडताच थर्माकोलचा वास सुटला आणि मी मनानं थेट लहानपणीच्या भोरला, हमीदचाचांच्या टीव्हीच्या दुकानात पोचले.

चाचा बंद खोकं कधी देतच नसत. "चालू बघितल्याबिगर न्यायचा न्हाई, भाऊ," असं वडलांना बजावून त्यांनी टीव्ही बाहेर काढला. आईनं त्याला हळदकुंकू लावलं. काळ्या काचेत आम्ही सगळे दाटीवाटीनं दिसत होतो, मागं रस्त्यावर थांबलेली माणसंसुद्धा. चाचांनी बटण दाबलं आणि आमचे चेहरे एकदम पुसले गेले. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता चाचांच्या दुकानाचं शटर उघडत नाही. काल पार्सलनं आलेल्या टीव्हीला कुंकू मीच लावलं, बटण दाबलं. चित्र आलं नाही. काचेत मी होते, आणि माझ्यामागं रिकामं दार.