तापलेल्या डबीला वारा

गोष्ट सुनेच्या नोकरीची, पण आधी तिच्या सासऱ्यांना भेटल्याशिवाय ती कळायची नाही. सगळी गल्ली त्यांना ऑपरेटर म्हणायची, घरात ते बाबा. पाणीपुरवठ्याच्या पंपांवर त्यांचा जन्म गेला. त्यांच्या हाताखाली एकही मोटर कधी जळली नाही, आणि हे ते पाहुण्याच्या हाती पाण्याचा पेला पडायच्या आत सांगत. मोटरला उलटा पंजा लावायचा, चटका बसला की थांबवायची, दम खाऊ द्यायचा, एवढंच त्यांचं शास्त्र. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेना. मिक्सर, फ्रिज, सुनेचा मोबाइल, सगळ्यांचा ताप ते बघत. माणसांचा ताप तेवढा सासूबाईंकडे होता.

सून एका क्लाससाठी घरबसल्या ऑनलाइन मुलांना गणित शिकवायची. मूल झाल्यावर सुटलेली नोकरी कितीतरी वर्षांनी पुन्हा हाती आली होती, तीही अजून कच्ची. आणि तास ऐन रंगात आला की वायफाय जायचं. पडद्यावरची मुलं तोंड उघडं ठेवून तशीच थिजायची. वायफायच्या डबीची जागा बदलून झाली, वायर बदलून झाली. कंपनीचा माणूस दोनदा आला, "आमच्याकडून सगळं ओके आहे" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. शेवटी खापर फुटलं धाकट्या दिरावर, कारण तो गेम खेळायचा.

"बंद कर ते," बाबा त्याच्यावर डाफरले. "वहिनीच्या पोटावर पाय देतोस?"

दिराने गेम बंद केला. वायफाय जायचं ते जातच राहिलं.

एक दिवस क्लासच्या मॅडमनी सुनेला स्पष्टच सांगितलं, "अजून एकदा तास तुटला तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

दुसऱ्याच दिवशी, अपूर्णांकांची बेरीज अर्ध्यावर असताना, पडदा थिजला. ती तशीच बाहेर धावली. पॅसेजमध्ये बाबा डबीच्या बटणावर बोट ठेवून उभे होते.

"बाबा, काय करताय?"

"तापली होती. जरा दम खाऊ दे तिला. तुझ्या तासाला फार पळते बिचारी. जळली म्हणजे तुझं काम बसेल."

"रोज बंद करता?"

"चटका बसला की करतो."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. पण त्यांच्या चेहऱ्यावर काम चोख केल्याचं समाधान होतं, म्हणून तिने आवाज चढवला नाही. "बाबा, माझा तास त्यानेच तुटतो," ती म्हणाली. "आता गेली नोकरी."

ऑपरेटरांनी बटण परत चालू केलं. मग आधी दिराच्या खोलीत गेले. "तुला उगाच बोललो रे," म्हणाले. परत आले आणि सुनेपुढे हात केला. "मॅडमना फोन लाव."

ज्यांना नोकरीत कधी एक मेमो मिळाला नव्हता, ते सरळ उभे राहून फोनवर बोलले. "मी तिचा सासरा. बटण मी बंद करत होतो. चूक माझी आहे मॅडम, शिक्षा तिला नको."

मॅडम म्हणाल्या, "उद्याचा तास मी स्वतः बघते."

दुसऱ्या दिवशी तास कुठेही तुटला नाही. अपूर्णांक संपले, मुलांनी हात हलवले, आणि मॅडम म्हणाल्या, "आजपासून तुम्ही पक्क्या." ती बाहेर आली, तर बाबा स्टुलावर बसून वर्तमानपत्राने डबीला वारा घालत होते. तासभर घालत असावेत. सदरा पाठीला चिकटला होता.

"बंद नाही केली हं," ते म्हणाले.

दीर हसणार तोच तिने त्याला डोळ्यांनी दटावलं. त्या वाऱ्याने डबीचं काही होत नव्हतं, हे तिलाही कळत होतं. माहेरी काय, सासरी काय, तिच्या कामासाठी असं ठाण मांडून आजवर कुणी बसलं नव्हतं.

"बाबा, नोकरी पक्की झाली," ती म्हणाली. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले त्यात." त्यांनी वर्तमानपत्र दुसऱ्या हातात घेतलं. "पुढचा तास किती वाजता आहे?"