जे बदललेलं नाही

आमच्या नणंदबाईंशी मला आजवर एकदाही मनासारखं भांडता आलेलं नाही, आणि ही माझी जुनी तक्रार आहे. आपण कंबर कसून उभं राहावं, तर ही बाई शांतपणे वही काढते आणि "तू मागच्या मंगळवारी दुपारी असं म्हणालीस" हे वाचून दाखवते. तारखेसकट! आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? कप्पाळ!

नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. घरात, ऑफिसात, सगळीकडे ताईच. आम्ही दोघी एकाच ऑफिसात काम करतो. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या, अकरा माणसं आणि एक खिडकी जी उघडली तर बंद होत नाही. आम्ही सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवतो. त्याचं काम एकच, एकाकडची फाइल दुसऱ्याकडे सुखरूप पोचवायची. दवाखाने, छापखाने, नकाशे काढणारे, असे तीनेकशे जण ते वापरतात. मी फोनवर बसते. काही बिघडलं की लोक माझ्यावर ओरडतात, मी त्यांना शांत करते आणि संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्यावर ओरडते. फिट्टंफाट.

ताईंचं काम वेगळं. वर्षातून तीन-चार वेळा आमचं नवं व्हर्जन निघतं. त्याच्याबरोबर एक टिपण जातं, काय बदललं ते सांगणारं. ते टिपण ताई लिहितात. बावीस वर्षांपूर्वी त्या इथे पत्रं टाइप करायला लागल्या, तेव्हा टिपण प्रोग्रामर लोकच लिहायचे. त्यात एक ठरलेलं वाक्य असायचं, "विविध सुधारणा केल्या आहेत." ताईंनी ते टाइप करायला साफ नकार दिला. "विविध म्हणजे काय? कोणत्या? उद्या मी स्वयंपाकात विविध सुधारणा केल्या म्हणाले, तर तुम्ही जेवाल?" तेव्हापासून ते काम त्यांच्या गळ्यात पडलं, आणि एका आजारपणातली रजा सोडली तर त्यांनीही ते कधी काढून ठेवलं नाही.

त्यांची पद्धत ऐका. प्रत्येक ओळीसाठी त्या प्रोग्रामरच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहतात. हे बदललं का? कोणी मागितलं होतं? ह्यानं कोण अडखळेल? उत्तर वहीत, सांगणाऱ्याच्या नावानं. आणि टिपणाच्या तळाशी, सगळं संपल्यावर, एक वेगळा मथळा: "जे बदललेलं नाही". त्याखाली वीस-पंचवीस ओळी. लॉगिनची पद्धत: बदल नाही. फोल्डरांची नावं: बदल नाही. थांबण्याची मुदत दहा मिनिटं: बदल नाही. असं पानभर.

हे खूळ आलं कुठून ते मला ठाऊक आहे. ताईंचे यजमान अचानक गेले, त्याला आता चौदा वर्षं झाली. त्या दिवसांत मी त्यांच्याकडे झोपायला जायची. एका सकाळी पाहिलं तर एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर त्यांनी यादी केली होती. चहा सातला. पेपर येतो. जिन्यातला दिवा लागतो. शेजारीण तीच. मी विचारलं, "हे काय हो ताई?" तर म्हणाल्या, "अगं, काय काय गेलं ते मला पाठ आहे. काय उरलंय ते बघत होते." मला रडू आवरेना. त्यांनी मला पाणी आणून दिलं. म्हणजे मी त्यांना सोबत करायला गेले होते, हं! पाच दिवसांनी त्या ऑफिसला गेल्या, आणि पुढच्या टिपणात ते पान पहिल्यांदा आलं.

तर ह्या वर्षी नववं व्हर्जन निघायचं होतं. आमच्याकडे एक नवा प्रोग्रामर आला होता. हुशार, पण कायम घाईत, म्हणून मी त्याचं नाव धडाका ठेवलं. दार उघडायच्या आधीच खोलीत शिरणारा माणूस! त्यानं मालकांना सांगितलं की टिपण आता मशीनच जुळवेल. प्रोग्रामर काम करताना जे शेरे लिहितात ते गोळा केले की झालं.

मालकांनी ताईंना बोलावलं. माणूस वाईट नाही, पण नव्या गोष्टीच्या लगेच प्रेमात पडतो. म्हणाले, "ताई, नववं टिपण तुम्हीच करा. पण ते शेवटचं. आता तुम्हीही जरा विश्रांती घ्या."

विश्रांती म्हणे! निवृत्तीला अजून तीन वर्षं होती. घरी जाऊन ताई करणार काय, डब्यांवर चिठ्ठ्या लावणार?

"माझं काही चुकलं का?" ताईंनी विचारलं.

"चुकलं नाही हो. पण हे तळाचं पान... जे बदललंच नाही ते कशाला सांगायचं? कोण वाचतं? मला एक माणूस दाखवा जो हे पान वाचतो. एक दाखवा, मी शब्द मागे घेतो."

ताई वही मिटून बाहेर आल्या. दाखवणार कुठून? बावीस वर्षांत टिपण वाचून छान झालंय असं सांगायला कोणी फोन केला नव्हता. मी रोज फोनवर असते, मला माहीत आहे. चांगलं चाललंय सांगायला कोणी फोन करत नाही.

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! घरी जाताना मी ताईंना म्हटलं, "आपण त्या पानात एक ओळ घुसडू. 'हे वाचलं असेल तर ह्या नंबरवर फोन करा.' येतील धडाधड फोन, मालकांचं तोंड बंद."

ताई रस्त्यातच थांबल्या. "टिपणात फक्त सॉफ्टवेअरचं लिहायचं. आपलं रडगाणं नाही."

"नोकरी जातेय तुमची!"

"जाऊ दे. पण खोटी ओळ जाणार नाही."

नवरा म्हणाला, तिच्या भानगडीत पडू नकोस. ह्यांना बोलायला काय जातंय? बहिणीला लहानपणापासून घाबरतात.

नववं टिपण ताईंनी नेहमीसारखंच केलं. धडाक्याच्या टेबलाशी चार दिवस उभ्या राहून, एकेक ओळ विचारून. तो बिचारा मान वर न करता हो, नाही, नाही बदललं, अशी उत्तरं द्यायचा. सोमवारी व्हर्जन निघालं. ताईंनी टेबलाचा खण रिकामा करायला घेतला. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, बघितलं असतं तर फोनवर कोणाला तरी शिव्या घातल्या असत्या.

मंगळवारी सकाळी साडेनऊला पहिला फोन आला. छापखान्याचा. मोठी फाइल अर्ध्यात तुटते. दुसरा नकाशेवाल्यांचा, तेच. दहापर्यंत तिन्ही फोन वाजत होते आणि मी एकटी. मालक बाहेर आले, परिस्थिती पाहिली आणि स्वतः एक फोन उचलला. कोणी बोलायच्या आधीच स्पीकरचं बटण दाबून बसले. त्यांना ते कधीच धड जमत नाही. सगळ्या ऑफिसला ऐकू गेलं.

फोन डोंगरापलीकडच्या एका छोट्या दवाखान्यातून होता. तिथली एक्स-रे काढणारी बाई. तिथे एक्स-रे वाचणारा डॉक्टर नाही, म्हणून ती सगळ्या फिल्मा आमच्या सर्व्हरवरून शहरातल्या डॉक्टरांना पाठवते. मशीन जुनं. एक फिल्म पाठवली की चार-पाच मिनिटं गप्प बसतं, मग दुसरी. आमचा सर्व्हर तेवढा वेळ वाट बघत थांबायचा.

"आता तो दहा सेकंदांत फोन ठेवतो," बाई म्हणाली. "पहिली फिल्म जाते, दुसरी जात नाही. बाहेर बाकावर आठ जण बसलेत, एकाचा खांदा निखळलाय. तुमचं व्हर्जन चुकलंय, लवकर बघा."

मालकांनी सवयीनं विचारलं, "तुमची वायर बघितली का? मशीन बंद करून..."

"वायर कशाला बघू? तुमच्या कागदावर लिहिलंय ना. थांबण्याची मुदत दहा मिनिटं, बदल नाही. कागद इथे भिंतीवर लावलाय माझ्या. माझ्याकडे काही बदललं नाही, कागद म्हणतो तुम्हीही बदललं नाही, आणि सर्व्हर दहा सेकंदांत तोडतोय. म्हणजे घोटाळा सर्व्हरमध्ये."

"पण कागदच चुकीचा असेल तर?" मालक म्हणाले.

"कागद?" बाई हसली. "अहो, बारा वर्षं वाचतेय. मी आधी तळाचंच पान वाचते. ते वाचल्याशिवाय नवं व्हर्जन टाकायला हात धजत नाही माझा. एकदा मधे कोणी दुसऱ्यानं लिहिलं होतं, ते पान नव्हतं, तेव्हा दोन दिवस मशीन उघडून बसलो होतो. त्या लिहिणाऱ्या बाई आहेत ना अजून?"

मालकांनी "आहेत" म्हटलं, पण इतक्या हळू की बाईनं दोनदा विचारलं.

खरी गंमत पुढे. मी ताईंकडे बघितलं तर त्या पांढऱ्याफटक. "मी 'बदल नाही' लिहिलं आणि बदल होता," म्हणाल्या. "बावीस वर्षांत पहिली खोटी ओळ गेली माझ्या हातून." आणि निघाल्या मालकांकडे, चूक कबूल करायला! मी दंड धरला. "वही उघडा आधी," म्हटलं. जन्मभर जिच्या नावानं बोटं मोडली ती वही मी स्वतः उघडली. बुधवार. थांबण्याची मुदत बदलली का? उत्तर: नाही. सांगणारा: धडाका. त्या घोटाळ्यातही मला हसू आलं. माझं ठेवलेलं नाव ताईंनी वहीत चढवलं होतं!

"त्यानं सांगितलं, पण लिहिलं मी," ताईंचं आपलं तेच.

तोवर धडाका उठून आला होता. त्याचा चेहरा बघून माझा राग अर्धा उतरला. त्यानं आकडा खरंच बदलला नव्हता. दहा होता, दहाच ठेवला. फक्त आधी सर्व्हर मिनिटं मोजायचा, आता त्यानं मोजणी सेकंदांवर नेली होती, सगळीकडे एकसारखं दिसावं म्हणून. दहा मिनिटांचे दहा सेकंद झाले आणि त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"ताई, मी तुमच्याकडे न बघता उत्तरं दिली," तो म्हणाला.

"आता बघून दे," ताई म्हणाल्या आणि बाजूची खुर्ची ओढून दिली.

चाळीस मिनिटांत दुरुस्ती झाली, कारण शोधायचं काही उरलंच नव्हतं. त्या दिवशी बावीस फोन आले, आणि त्यातल्या अठरा जणांनी मला ओळ वाचून दाखवली. अठरा! मी एका कागदावर रेघा ओढत होते. संध्याकाळी तो कागद मालकांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "तुम्ही एक मागितला होता." एवढं बोलायचा हक्क मला होता की नव्हता?

दुरुस्तीचं व्हर्जन निघायच्या आधी ताईंनी त्याचं टिपण करून मालकांकडे पाठवलं. वर दोन ओळी, काय चुकलं आणि काय बदललं. तळाशी नेहमीचं पान. ते परत आलं तेव्हा शेवटी मालकांच्या वेड्यावाकड्या अक्षरात एक ओळ वाढली होती. टिपणं लिहिणाऱ्या ताई: बदल नाही.

माझा जीव भांड्यात पडला, पण लगेच पुन्हा वर आला. कारण ताईंनी लाल पेन्सिल उचलली. टिपणात फक्त सॉफ्टवेअरचं लिहायचं, हा त्यांचाच कायदा. मी मनात म्हटलं, खोडा, खोडा, आणि मी आज तुमच्याशी भांडतेच, वही असो नाहीतर नसो.

ताईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग धडाक्याला विचारलं, "हे खरं आहे का?"

ह्या वेळी त्यानं मान वर केली. "हो ताई. खरं आहे."

ताईंनी वहीत तारीख घातली, त्याचं उत्तर लिहिलं, आणि पेन्सिल खाली ठेवली. ओळ तशीच गेली, तीनशे ठिकाणी. मग त्यांनी खण ओढला आणि काढून ठेवलेल्या वस्तू एकेक करून परत आत ठेवायला लागल्या, पूर्वी जिथे होत्या तिथेच.