एकोणतिसावं कलम

राजाभाऊनं माझ्या अंगातला काळा गाऊन मागून असा ओढला की गळ्यातली पांढरी पट्टी आवळली आणि माझे डोळे बाहेर आले. पहिली लाथ कमरेत. दुसरी पोटात. तोंडात उरलेला भाताचा घास गोठ्यातल्या शेणात पडला.

"माह्या बापाचा गाऊन घालतं? तुह्या बापानं पायला होता का बे कधी?"

त्याच्यासोबत दोघं होते. एकानं खुंटीवरचा कासरा काढला. ओला कासरा पाठीवर बसला की आधी आवाज येतो, आग मागून येते.

माझ्या पुतण्या इथं हमखास विचारतात, "काका, तुमी एक तरी मारली का नाही?" मारली ना. तिसऱ्या लाथेला मी त्याच्या बुटाला डोकं मारलं. बुटाला काही झालं नाही.

मी रिठदकडचा. अकोल्याला वकिली शिकत होतो. आणीबाणी नुकतीच उठली होती, आणि आता देशात कायद्याचं राज्य येणार असं ज्यांना मनापासून वाटत होतं त्या येड्यांत मी पहिल्या रांगेत होतो. वाशीमच्या वकील मंडळींनी कायद्याच्या पोरांसाठी अभिरूप न्यायालय भरवलं. खोटी केस, खोटे देश, न्यायाधीश मात्र खरे, निवृत्त. विषय आंतरराष्ट्रीय कायदा. एका देशाच्या राजदूताला दुसऱ्या देशात जमावानं बडवलं, पोलीस बघत राहिले. आम्ही राजदूताच्या बाजूचे. आम्ही म्हणजे मी आणि माझा जोडीदार मनोहर. लेखी युक्तिवाद माझा होता आणि सकाळीच त्याला पहिला नंबर जाहीर झाला होता. दुपारी तोंडी बोलायचं होतं.

व्हिएन्ना कराराचं एकोणतिसावं कलम मला झोपेतही पाठ होतं. राजदूताच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. वाचताना मी एकटाच हसलो होतो. मला हात लावायचा नाही हा करार आमच्या गावानं व्हिएन्नाच्या कितीतरी आधी केला होता. मारताना तेवढी सूट होती.

बाहेरगावच्या पोरांची सोय वकिलांच्या घरी होती. मी आणि मनोहर एकाच घरी. पाहुण्याला गाऊन घरमालकानं द्यायचा, अशी रीत ठरलेली. आमच्या वकीलसाहेबांनी आपला जुना गाऊन मला दिला आणि ते हॉलची व्यवस्था बघायला गेले. मी तो जेवायला बसतानाही काढला नाही. उन्हाळा, अंगातून धारा, पण काढला नाही. बुजगावण्यावर घोंगडी टाकावी तसा दिसत असेन. मला मात्र वाटत होतं, मायनं एकदा पाहावं.

वकीलसाहेबांची बायको वाढत होती. चांगली बाई. भात वाढता वाढता सहज विचारलं, "कोनापैकी म्हनावं बाबू तुमी?"

"बौद्ध आहो, बाई."

पळी हवेतच राहिली. ती आत गेली. आतून तिचा पोरगा आला, राजाभाऊ. त्यानं माझी मानगूट धरली आणि मागच्या दारानं गोठ्यात नेलं.

ते दमले तेव्हा थांबले. गाऊन घेऊन गेले. मनोहर गोठ्याच्या दारात उभा होता. केव्हापासून उभा होता कोण जाणे. त्यानं मला उठवलं नाही.

"हे पाय," तो म्हणाला, "तू एस्टीनं निंघून जाय. तब्येत बिघडली म्हून सांगतो मी. तुहं लिहेल मी वाचतो. नंबर तं आपलाच येते."

"आपला म्हंजे कोनाचा?"

तो बैलाकडे बघायला लागला.

मी हौदावर तोंड धुतलं. ओठ फाटला होता, रक्त थांबेना. शर्टाची एक बाही खांद्यापासून लोंबत होती. तसाच हॉलमध्ये गेलो. पुकारा झाला तसा उठून सुरुवात केली, "महाराज, राजदूताच्या अंगाला..."

न्यायाधीश म्हणाले, "मला तुमचं बोलणं ऐकू येत नाही."

मला वाटलं, ओठ सुजलाय, शब्द नीट निघत नसतील. मी आवाज चढवला.

"ऐकू येत नाही."

मग मी ओरडलो. शेतात रानडुकरं हाकलताना ओरडतो तसा. सगळा हॉल हसला. मनोहरनं बाही ओढली, उरलेली. "अबे, आंगात गाऊन नाही ना. बिना गाऊनच्या वकिलाचं कोर्टाले ऐकूच येत नसते. रीत हाय ते."

मी वर पाहिलं. त्यांना माझं रक्त दिसत होतं. बाही दिसत होती. ऐकू तेवढं येत नव्हतं. पुढच्या रांगेत राजाभाऊ पायावर पाय टाकून बसला होता. बुटाला शेण होतं.

माझ्या आत काहीतरी तुटलं म्हणतात तसं काही झालं नाही. उलट सगळं जागच्या जागी बसलं. मी हातातले कागद खाली ठेवले.

"वकील म्हणून ऐकू येत नसेल तर साक्षीदार म्हणून ऐका. साक्षीदाराला गाऊन लागत नाही. आज दुपारी, या गावात, मी माझी जात सांगितली म्हणून मला कासऱ्यानं मारलं. मारणारा तो बसला आहे."

बोट दाखवलं. खाली घेतलं नाही.

"हे न्यायालय खोटं आहे, मुला," न्यायाधीश म्हणाले. आता त्यांना ऐकू येत होतं.

"मार खरा आहे, महाराज."

ते उठून आत गेले. मग राजाभाऊकडून खुर्ची आली. डोक्यावर बसायची ती खांद्यावर बसली, हाड मोडलं. पायाला धरून पायऱ्यांवरून ओढत मला रस्त्यावर टाकलं. वकीलसाहेब पायरीवर उभे होते. हॉलभर कायदा शिकणारी, कायदा शिकवणारी माणसं होती. बघत राहिली. राजदूताच्या केसमधल्या पोलिसांसारखीच.

ठाण्यात हवालदार म्हणाला, "पयले दवाखान्यात जाय ना बाबू. कायले मोठ्या लोकाइच्या नांदी लागतं? उद्या ये."

"उद्या रक्त वाळते, साहेब. आजच लिहा."

मी बाकावर बसलो. खांदा हातात धरून. रक्त त्याच्या टेबलावर ठिबकलं तेव्हा त्यानं वैतागून पेन उघडला. आरोपीचं नाव विचारलं. मी पूर्ण सांगितलं, बापाच्या नावासकट.

राजाभाऊ सुटला. मनोहरनं शपथेवर सांगितलं की मी पायरीवरून घसरलो. अपील केलं, तेही गेलं. उजवा हात अजून डोक्याच्या वर जात नाही, त्यामुळे घरातली कोळ्याची जाळी काढायचं काम मला कुणी सांगत नाही.

पोरं विचारतात, मग मिळालं काय? काही नाही. पण तेव्हापासून ज्यानं मला किंवा माझ्या माणसाला हात लावला, त्याचं नाव मी भर कोर्टात घेतलं नाही, असं एकदाही झालेलं नाही. हरतो. पुन्हा घेतो. जिवंत आहे तोवर घेणार.