डाव्या चाकाचा ब्रेक

ओफेलिया त्रेविन्यो बाईंनी बावीस वर्षं इस्पितळात नर्सची नोकरी केली, पण त्यांचा रक्तदाब कधी वाढला नाही. तो वाढला टेक्सासच्या पार दक्षिणेला, भावी नर्स आणि डॉक्टर घडवणाऱ्या सरकारी हायस्कूलमध्ये शिकवायला लागल्यावर.

मुलं परीक्षा घेऊन निवडलेली, अंगात इस्पितळी निळे कपडे, गळ्यात स्टेथोस्कोप. व्हीलचेअर मात्र एकच, आणि तिचा डावा ब्रेक ऑगस्टपासून तुटलेला. नव्या खुर्चीसाठी बाईंचा पहिला अर्ज चुकीच्या फॉर्मवर होता. दुसरा बरोबर फॉर्मवर होता, पण व्हीलचेअर फर्निचरमध्ये धरायची की वैद्यकीय साहित्यात, हे कचेरीला ठरवता येईना. मुख्याध्यापक बाल्देरास भेटले की गोड हसून म्हणायचे, काम चालू आहे. दारावर नवा फलक तेवढा लागला: ‘उद्याचे आरोग्यसेवक इथे घडतात.’

हुशार मुलांनी युक्ती काढली. डाव्या चाकामागे पाऊल अडकवायचं आणि रुग्ण झालेल्या दोस्ताला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं. परीक्षेत दोन्ही ब्रेक लावा, असं बाई रोज बजावायच्या. मुलं मान डोलवायची आणि पाऊल अडकवायची.

एप्रिलमध्ये रुग्णसहाय्यकाची परीक्षा झाली. अरासेली मोन्तेमायोर वर्गातली सगळ्यांत चोख मुलगी. जूनपासून इस्पितळातली नोकरी ठरलेली, फक्त हे प्रमाणपत्र हवं होतं. परीक्षेला नवीकोरी व्हीलचेअर होती. अरासेलीने उजवा ब्रेक लावला, डाव्या चाकामागे पाऊल ठेवलं आणि रुग्णाला अलगद बसवलं. खुर्ची तसूभर हलली नाही. तरी परीक्षकांनी नापास केलं.

“मिस, ब्रेक समोर दिसत होता,” अरासेली रडत म्हणाली. “पाय आपोआप गेला.”

“तुझा पाय पास झाला, पोरी. तू राहिलीस.”

मग बाई ती मोडकी खुर्ची ढकलत थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या आणि त्यांना तिच्यात बसायला सांगितलं. सभ्य माणूस, बसला. बाईंनी उजवा ब्रेक लावला, डाव्या चाकामागे अडकवलेलं आपलं पाऊल काढलं आणि खुर्चीला जरासा धक्का दिला. बाल्देरास अर्धी गिरकी घेऊन फायलींच्या कपाटावर आदळले. अर्जावर सही तिथल्या तिथे झाली. नवी खुर्ची येणार होती ऑगस्टमध्ये. अरासेलीची फेरपरीक्षा होती बारा दिवसांवर.

शेवटी बाईंनी सासूबाईंची व्हीलचेअर शाळेत आणली. बारा दिवस सासूबाई दुपारपर्यंत सोफ्यावर बसून सुनेच्या नावाने बोटं मोडत होत्या, आणि इकडे अरासेली दोन्ही ब्रेक लावत होती. शंभरदा, दोनशेदा.

फेरपरीक्षा संपवून ती बाहेर आली तेव्हा बाई मोटारीपाशी उभ्या होत्या.

“पास झाले, मिस. उजवा लावला, डावा लावला.” ती घुटमळली. “आणि मग पाऊलपण ठेवलं.”

बाईंनी कपाळाला हात लावला.

“ठेव बाई,” त्या म्हणाल्या. “त्याचे मार्क कापत नाहीत. आणि इस्पितळातल्या खुर्च्या तू अजून पाहिल्या नाहीस.”