गोळीचं बूड आणि नेल्डाचा टॉवेल

नेमबाजीच्या स्पर्धेत दुपारच्या सुट्टीत एमोरी स्टॅडलरने बंदूक पेटीत ठेवली, ती कायमची ठेवायची असं ठरवूनच. चाळीस वर्षं विस्कॉन्सिनच्या त्या मैदानावर त्याच्या दहा गोळ्यांची भोकं कॉफीच्या कपाखाली झाकली जात. आज ती बशीतही मावेनात.

"डोळे गेले, लूथर. ही बंदूक तूच घे. जावई नुसती भिंतीवर टांगून ठेवील."

लूथर ग्रिम हा त्याचा जुना प्रतिस्पर्धी, आणि आज सर्वांत पुढे होता. सॉसेज चावत तो म्हणाला, "तुझे डोळे चांगले होते कधी? गोळ्या दाखव."

एमोरीने डबा उघडला. स्वतः ओतलेल्या शिशाच्या गोळ्या, टोकं आरशासारखी चकचकीत. लूथरने टोकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गोळी उलटी करून त्याने बुडाच्या कडेवर नख फिरवलं.

"ही दबलीय. हीसुद्धा. अरे शहाण्या, टोकं कसली पुसत बसतोस! नळीतून सुटताना मागच्या वायूचा शेवटचा धक्का बुडाला बसतो. कड एका बाजूने खचलेली असली की गोळी तिरकी झालीच. साच्यातून पाडतोस कशावर?"

"पत्र्याच्या ट्रेवर. एप्रिलपासून शेडमध्ये ओततो ना."

"आणि आधी?"

एमोरीने डब्यातली एक गोळी उचलून उलटी केली. आधी तो स्वयंपाकघरात ओतायचा. बायको, नेल्डा, टेबलावर जुना टॉवेल चौपदरी घालायची आणि तो हसायचा, "पाळण्यात निजवतेस की काय?" गरम, मऊ शिसं त्यावर अलगद पडायचं.

दोघा म्हाताऱ्यांनी नखानेच पन्नास गोळ्या तपासल्या. धड निघाल्या अकरा.

"दहा तुला लागतील," लूथर म्हणाला. "उरलेली मला दे. हरल्यावर आठवण म्हणून ठेवतो."

आणि दुपारच्या फेरीत लूथर खरंच हरला. एमोरीच्या भोकांवर कप ठेवून पाहिला, दहाही झाकली गेली, तेव्हा सर्वांत आधी टोपी काढली ती लूथरने. एमोरीने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

घरी नेल्डा बटाटे सोलत होती. तो दारातूनच म्हणाला, "नेल्डा, चाळीस वर्षं माझा नेम तू सांभाळलास!"

"मी माझं टेबल सांभाळत होते," ती म्हणाली. पण सगळी हकीकत ऐकल्यावर सुरी खाली ठेवून उठली. खणातून तोच टॉवेल काढला, डागाळलेला, कडा करपलेल्या.

"हा घे. शेडमध्येच ने हं, शिसं परत माझ्या चुलीवर नको."

एमोरीने तो दोन्ही तळव्यांवर घेतला, दुपारचं बक्षीस घेतलं होतं त्याहूनही जपून.