तेवीस चोक दोनशे

पत्नी गेल्यावर मुलीबरोबर ॲबॅकस घेऊन बसायचं काम माझ्याकडे आलं. तोवर ते मायलेकींचं होतं. संध्याकाळी दोघी चटईवर मणी सरकवत, मी पलीकडे वाचत असे. एकदा मीही हात घातला, तर तेवीस गुणिले चारचं उत्तर दोनशे आलं. बे चोक आठ नीट मांडले होते. तीन चोक बारा मांडताना एक दांडी उजवीकडे सरकायचं राहून गेलं. "एवढी पुस्तकं वाचली, अन् एक दांडी सरकता येईना," पत्नी म्हणाली. मुलगी किती तरी वेळ हसत होती.

दुःखाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा मुलीच्या ॲबॅकस क्लासच्या मॅडम घरी आल्या. शेवगावला मंगल कार्यालयात मुलांचा कार्यक्रम होता. मुलीचं मन रमेल, असं त्या म्हणाल्या. मला पटलं.

कार्यालयाच्या दारात फ्लेक्स होता. मधोमध माझी पत्नी. भावकीनं चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता, त्यातलाच फोटो; छापणाराही तोच असावा. फोटोभोवतीचा हारसुद्धा काढला नव्हता. खाली लिहिलं होतं: 'आई गेली, गुणाकार थांबला नाही. प्रवेश सुरू.'

मी आत धावलो तोवर मुलगी स्टेजवर होती. हवेत बोटं फिरवून तिनं गुणाकार करायचा होता. मॅडम माइकवरून तिच्या आईचा आजार सांगत होत्या, पुढच्या रांगेतल्या बायका पदरानं डोळे टिपत होत्या, आणि कुणी तरी मोबाईलवर ते सगळं टिपत होतं. मुलीची बोटं हलली नाहीत. मॅडम वाकून कुजबुजल्या ते माइकनं सगळ्यांना ऐकवलं: काल पाठ करून घेतलंय ना, तेच सांग.

मी वर गेलो आणि तिचा हात धरला.

"दादा, लोक रडत होते हो," मॅडम म्हणाल्या. "दोन मिनिटं थांबला असता तर."

त्या वाक्याची शिसारी अजून गेलेली नाही.

मुलीनं ॲबॅकस कपाटावर टाकला. आईबरोबरची एवढीच एक गोष्ट तिच्याकडे उरली होती, आणि तिला आता ती हातात धरवत नव्हती. पुढच्या आठवड्यात तो फ्लेक्स रसवंतीवर सावलीला ताणलेला दिसला. चोथ्यावरच्या माश्या उठून पत्नीच्या गालावर बसत होत्या. रसवंतीवाल्याला सांगून मी तो सोडवला, घडी केली. घरी नेववेना, टाकवेना. अजून गाडीच्या डिकीत आहे.

त्या संध्याकाळी कपाटावरून ॲबॅकस काढून मी एकटाच चटईवर बसलो. तेवीस गुणिले चार. पुन्हा दोनशे. मुद्दाम नव्हे, मला खरंच जमत नाही.

मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. उठून आली, मण्यांकडे बघत राहिली.

"दांडी, पप्पा," ती म्हणाली. सगळे मणी मूळ जागी सारून तिनं ॲबॅकस माझ्यापुढे सरकवला. "परत मांडा. त्या क्लासला मात्र मी जाणार नाही."

ती हसली नाही. पण चटईवर बसली.